काही अभ्यासकांच्या मते

वलगाव रोड, अमरावती
३ जानेवारी २०२२

अनुपमा मॅडम,

दोन वर्षं मी तुम्हाला ताई म्हणत होते. आता मॅडम म्हणते आहे, याची नोंद घ्यावी.

मी अकोल्याहून न सांगता निघाले म्हणून तुम्ही शेंदूरजनाघाटला बाबांना फोन केलात. बाबांनी लगेच मला लावला. "मास्तरीनबाई इचारून राहिल्या, पोरगी काहून गेली? जेवनात काही कमी पडलं काय?" जेवणात काही कमी नव्हतं. जुन्या शहरातल्या तुमच्या माडीवरच्या खोलीत मी दोन वर्षं राहिले, तुमच्या हातचं खाल्लं, एम. ए.ला तुमच्यामुळे पहिली आले. हे सगळं आधीच मान्य करून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला कृतघ्न म्हणायला नको.

पीएच.डी.च्या मुलाखतीसाठी मी तुमच्याकडे शिफारसपत्र मागितलं होतं. तुम्ही ते बंद पाकिटात दिलंत. त्यात माझ्याविषयी काय लिहिलंत ते मला कळलं आहे. कसं कळलं ते विचारू नका. "हिला घेऊ नका." हे तुमचेच शब्द आहेत ना? समोर बसवून मला मेथीचे पराठे वाढायचे आणि पाकिटात हे लिहायचं. तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या, आमच्या घरात संत्र्याची कलमं. तेव्हा असं काही होणार हे मला आधीच कळायला हवं होतं.

तर कळवायला आनंद होतो की मला घेतलं.

इथे दर सहा महिन्यांनी विद्यापीठाला प्रगती अहवाल द्यावा लागतो. त्या फॉर्मवर 'समाधानकारक' हा शब्द आधीच छापलेला असतो, आपण फक्त सही करायची. तो अहवाल मी देईनच. पण माझी खरी प्रगती कुणाला तरी कळावी असं वाटतं, आणि ती कळून जिला सगळ्यात जास्त त्रास होईल अशी एकच व्यक्ती मला माहीत आहे. म्हणून दुसरा अहवाल अधूनमधून तुम्हाला येत जाईल.

सध्या कोर्सवर्क चालू आहे. सहा महिने वर्गात बसायचं. संशोधनपद्धती शिकवायला वाणिज्य शाखेचे एक गृहस्थ येतात. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला विचारलं, नमुना किती घेणार? माझ्या शेजारचा अश्विन म्हणाला, शंभर. त्याचा विषय मोक्ष आहे. सरांनी वहीत शंभर लिहून घेतलं. मी म्हटलं, माझा विषय ज्ञान कशाने मिळतं हा आहे, यात नमुना नसतो. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "तरी पन तीस तरी घ्या मॅडम. तिसाच्या खाली मान्यता भेटत नाई." अश्विन एका ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. त्याला पदोन्नती हवी आहे, मोक्ष कुणालाही मिळो.

माझे मार्गदर्शक नारायण सर. त्यांच्याकडे आठ विद्यार्थी आहेत आणि आठही जणांना ते सर किंवा मॅडम म्हणतात, कारण नावं लक्षात राहत नाहीत. मी त्यांना पंधरा पानांचं टिपण नेऊन दिलं. ते कुठे हल्ला करतील याची मी आठवडाभर तयारी करून गेले होते. त्यांनी टिपण हातात तोललं, "वजनदार आहे" म्हणाले आणि चहा मागवला.

तुम्ही असतात तर पहिल्या पानावरच लाल पेन चाललं असतं, हे मला ठाऊक आहे. तुम्ही सांगायच्या आत मीच सांगते.

तुमची माजी विद्यार्थिनी,
रागिणी

अमरावती
१८ जुलै २०२२

अनुपमा मॅडम,

विषय मंजूर झाला. आराखडा मांडायला मला सहा मिनिटं मिळाली, त्यातली दोन प्रोजेक्टर लागेना म्हणून गेली. समोर पाच जण होते. एकाने विचारलं, "याचा समाजाले उपयोग काय?" दुसऱ्याने शीर्षकातला 'चिकित्सा' काढून 'चिकित्सक अध्ययन' घालायला लावलं आणि आपण काहीतरी केलं अशा चेहऱ्याने मागे टेकला. उरलेले तिघे मोबाईलवर होते. मंजूर.

विषय असा. जुने नैयायिक म्हणतात, भरवशाच्या माणसाने सांगितलेला शब्द हेही ज्ञानाचं साधन आहे, डोळ्यांनी पाहण्याइतकंच. मी म्हणते, नाही. कुणाचाही शब्द आपण होऊन ज्ञान देत नाही. तो तपासावा लागतो, आणि तपासून खरा निघाला तर ज्ञान तपासण्याने दिलं, शब्दाने नव्हे. सांगणारा कितीही मायेने सांगत असो. हा विषय मला कुठून सुचला असेल ते ओळखायला तुम्हाला प्रोजेक्टर लागणार नाही.

तुमच्या स्वयंपाकघरातला नियम मी इथे लावून पाहिला. मेथी निवडता निवडता वाद सुरू झाला की तुम्ही म्हणायच्या, "आधी माझं म्हणणं तू मांड. मी 'हं, हेच' म्हटलं की मग खोड." कितीदा तर मेथी संपायची, भाजी व्हायची, जेवणं उरकायची, तरी तुमचं 'हं, हेच' काही यायचं नाही. आणि मी कागदावर 'काही अभ्यासकांच्या मते' असं लिहिलं की समासात लाल अक्षरात एकच शब्द यायचा, "कोण?" त्या 'कोण?'ने माझी दोन वर्षं खाल्ली. तर परवा मी अश्विनला म्हटलं, माझं म्हणणं तुझ्या शब्दांत मांडून दाखव आणि मग खोड. तो म्हणाला, "जाऊ द्या ना मॅडम, तुमचं बरोबरच हाय." इथे माझं सगळंच बरोबर असतं. सहा महिन्यांत मला कुणी एकदाही चूक म्हटलेलं नाही.

तुमच्या त्या नियमाने तुमचं स्वतःचं काय झालं तेही बोलून घेऊ. तुमची पीएच.डी.ची नोंदणी दोनदा रद्द झाली. अठरा वर्षं तुम्ही समोरच्याचं म्हणणं नीट मांडत बसलात आणि स्वतःचं लिहायचं राहूनच गेलं. त्यामुळे तुम्हाला कधी कुणाची मार्गदर्शक होता आलं नाही, नुसती शिफारसपत्रं लिहिता आली. आणि तीही अशी.

माझं प्रकरण एक लिहून झालं आहे. सरांनी तोलून पाहिलं.

रागिणी

शेंदूरजनाघाट
२४ जानेवारी २०२३

अनुपमा मॅडम,

आठ दिवसांसाठी घरी आले आहे. सध्या कलमांचा हंगाम आहे. जंभेरीच्या, म्हणजे आंबट रानलिंबाच्या, रोपाला काप द्यायचा, त्यात संत्र्याचा डोळा बसवायचा आणि पट्टीने बांधायचा. बाबा सकाळी सातपासून उकिडवे बसून बांधतात. मीही बांधते. विद्यापीठातल्या कुठल्याही कामापेक्षा यात जास्त डोकं लागतं.

काल मी बाबांची मौखिक परीक्षा घेतली.

"बाबा, गिऱ्हाईक रोप नेतं तेव्हा त्याला कसं समजतं की हा संत्राच आहे?"

"नाई समजत."

"मग?"

"मी सांगतो ना."

"आणि फळ कधी?"

"पाचव्या सालाले."

"म्हणजे पाच वर्षं माणूस नुसत्या तुमच्या शब्दावर पाणी घालतो?"

"मंग कोनाच्या शब्दावर घालन? तुह्या विद्यापीठाच्या?"

"आणि पाचव्या वर्षी जंभेरीच निघाली तर?"

बाबांनी हातातली पट्टी पुरी बांधली, मग वर पाहिलं. "तं येते अन् माह्या दारापुढं उभा राहून माह्या नावानं शिव्या देते. त्याच्यासाठीच तं चिठ्ठीवर नाव लिवतो वं. शेषराव, शेंदूरजनाघाट. नाव नसलं तं थो शिव्या कोनाले देईन?"

भाबडेपणाचं इतकं चांगलं उदाहरण शोधून सापडलं नसतं. मी त्यांना दुसऱ्या प्रकरणात टाकलं आहे. अर्थात नाव न घेता, 'एक कलमविक्रेता' म्हणून. पाच वर्षं पाणी घालणारा माणूस ज्ञानी नव्हे, तो आशाळभूत आहे, असं तिथे सिद्ध केलं आहे. नारायण सरांना उदाहरण फार आवडलं. त्यातून समाजोपयोग निघतो म्हणाले.

आईने तुमच्यासाठी संत्री बांधून दिली आहेत. "त्या बाईनं तुले दोन वर्सं पोसलं, तू अकोल्याले जात काहून नाई?" असं तिचं रोज चालू असतं. मी हो म्हटलं. संत्री अमरावतीला सरांच्या घरी जातील. तेही वजनदारच म्हणतील.

रागिणी

अमरावती
९ नोव्हेंबर २०२३

अनुपमा मॅडम,

सोबत तिसऱ्या प्रकरणातली तीन पानं पाठवते आहे. कुठल्याही अर्थाने तपासायला नाही. पाहायला.

या तीन पानांत मी विरोधकाचं म्हणणं मांडलं आहे, जे पुढच्या दोन प्रकरणांत खोडायचं आहे. थोडक्यात असं. जो म्हणतो की मी कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नाही, त्याला हे वाक्य बोलायला कुणी शिकवलं? पाण्याला पाणी म्हणतात हे त्याने कुठे जाऊन तपासलं? आपला जन्म कोणत्या दिवशी झाला, आपली आई कोण, हे त्याने कुणाच्या तोंडून घेतलं? तपासण्याची हत्यारंसुद्धा त्याला कुणाच्या तरी शब्दावरच मिळाली. म्हणजे आधी विश्वास असतो आणि मग संशय येतो. हे उलटं करून दाखवावं.

कुठे ऐकल्यासारखं वाटलं तर योगायोग समजा.

सुरुवात 'काही अभ्यासकांच्या मते' अशी केली आहे. तुम्हाला ती आवडायची नाही. पण आपल्या परंपरेतही विरोधकाचं नाव न घेता 'कोणी म्हणतात' असं लिहून पुढे जायची पद्धत आहेच. नाव घेण्याच्या लायकीचा नाही, इतकाच त्याचा अर्थ. अपमान करायचा हा जुना आणि सभ्य मार्ग आहे. शिवाय या अभ्यासकांनी आयुष्यात एक ओळ छापलेली नाही, तेव्हा संदर्भ देणार तरी कशाचा?

पानं चांगली उतरली आहेत. इतकी चांगली की पुढची दोन प्रकरणं त्यांच्यापुढे जरा बारीक दिसतात. ते दुरुस्त करीन.

रागिणी

अमरावती
३० जानेवारी २०२४

दोन वर्षांत तुमचं पहिलं टपाल आलं. माझीच तीन पानं. पत्र नाही, चिठ्ठी नाही. पहिल्या ओळीत 'काही अभ्यासकांच्या' याखाली लाल रेघ आणि समासात एक शब्द. "कोण?"

बस्स. खाली कुठे काना सुधारलेला नाही, कुठे फुली नाही. तीनही पानं कोरी ठेवलीत. म्हणजे मांडणीत चूक काढायला जागा नव्हती, असंच ना? मग तेवढं लिहायला काय झालं होतं, ताई? 'हं, हेच' हे दोन शब्द आहेत. तुमच्या लाल पेनात तेवढी शाई नक्की असेल.

तुम्ही 'कोण?' विचारता, तर मीही विचारते. दोन वर्षं जिला पोटच्या पोरीसारखं ठेवलंत तिच्याबद्दल 'हिला घेऊ नका' असं लिहिताना तुमचा हात कसा चालला?

आणि हो, पाकीट मी उघडलं. तुमच्याच घरात, तुमच्याच चहाच्या भांड्याच्या वाफेवर. तुम्ही तेव्हा मोर्णा नदीच्या पलीकडे बाजारात गेला होतात. उघडलं, वाचलं, बॅग भरली. ते पत्र समितीपुढे गेलंच नाही. माझ्याकडेच आहे, जाड शब्दकोशात. शिफारशीशिवाय मुलाखतीला गेले आणि पहिल्या क्रमांकाने निवडले गेले. तेव्हा तुम्ही मला अडवलं असं मी म्हणत होते ते तांत्रिकदृष्ट्या खरं नाही. अडवायचा प्रयत्न केलात, एवढं मात्र खरं.

दुसऱ्याचं बंद पाकीट उघडणं वाईट आहे, हे मला कुणी सांगायला नको. पण शब्द तपासावा, हाच माझा विषय आहे.

रागिणी

अमरावती
१२ मार्च २०२५

अनुपमा मॅडम,

प्रबंध सादर करण्याआधीचा सेमिनार काल झाला. साडेतीनशे पानं, दोन छापील शोधनिबंध, पंधरा माणसांसाठी गिला वडा, पाहुण्यांना शाल आणि नारळ. वडा मी स्वतः जाऊन आणला, कारण सर म्हणाले, "वडा थंडा झाला तं समिती गरम होते." ज्ञानव्यवहाराची इथली सगळी अक्कल या एका वाक्यात आहे. अश्विन पुढच्या रांगेत बसला होता. तो आता डॉक्टर आहे. त्याच्या शंभरपैकी बासष्ट नमुन्यांना मोक्ष हवा असल्याचं सिद्ध झालं.

बाहेरून एक वयस्कर तज्ज्ञ आले होते. त्यांनी प्रबंध खरोखर वाचला होता. हे कळल्यावर नारायण सरांचा घास घशात अडकला.

ते म्हणाले, "चौथं आणि पाचवं प्रकरण हुशारीचं आहे. वकिली हुशारी. पण तिसऱ्यातली ही तीन पानं मी दोनदा वाचली. प्रबंध म्हणजे हीच तीन पानं आहेत, बाकी गवत. मला एक सांगा, हे 'काही अभ्यासक' कोण? मी चाळीस वर्षं याच विषयात आहे. अशी मांडणी मी कुठे पाहिली नाही."

कोण? तुम्ही समासात लिहिता तोच शब्द, आणि या वेळी पंधरा माणसांसमोर. नारायण सर माझ्या कानाशी कुजबुजले, "तुमचंच म्हना ना."

मी म्हटलं, "माझंच आहे सर. खोडण्यासाठी म्हणून मीच उभं केलं होतं."

टाळ्या वाजल्या. अश्विनने सगळ्यात जोरात वाजवल्या. इतिवृत्तात नोंद झाली आहे की संशोधिकेचं मौलिक योगदान तिसऱ्या प्रकरणात आहे, तोच निष्कर्ष करून प्रबंध तीन महिन्यांत सादर करावा. म्हणजे दोन प्रकरणं उलटी फिरवायची, तुमचं म्हणणं शेवटी न्यायचं आणि त्याच्यावर मी डॉक्टर व्हायचं.

मी चोरी केली आहे. दुसरा कुठला शब्द वापरून पाहिला तर बसत नाही. ज्या लोकांना मी तीन वर्षं मनातल्या मनात हसत होते त्यांच्यात चोर कुणीच नव्हता. मूर्ख होते, आळशी होते, वड्यावर जीव टाकणारे होते. चोर एकटी मी निघाले.

या पत्राला उत्तर देऊ नका. तसंही तुम्ही देत नाहीच.

रागिणी

अमरावती
६ एप्रिल २०२५

ताई,

आठ दिवस मी उलटी प्रकरणं लिहायला बसत होते. हात चालत होता, म्हणजे चोरी पचत होती. नवव्या दिवशी उठून नारायण सरांकडे गेले. ते कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये होते, समोर गिला वडा. मी सांगितलं, तिसऱ्या प्रकरणातली ती तीन पानं माझी नाहीत. अकोल्याच्या अनुपमाताईंची आहेत. तिथे त्यांचं नाव घालायचं आहे आणि समितीला मी खोटं बोलले हे लेखी द्यायचं आहे.

सर म्हणाले, "कुठं छापलं त्याईनं?"

"कुठेच नाही."

"व्याख्यान गिख्यान? रेकॉर्डिंग?"

"नाही. स्वयंपाकघरात सांगितलं होतं. मेथी निवडताना."

"मंग पुरावा काय, मॅडम?"

"पुरावा नाही सर. मी सांगते आहे ना."

सरांनी हातातला वडा प्लेटमध्ये ठेवला. असा अर्धा वडा त्यांनी खाली ठेवलेला मी सव्वातीन वर्षांत पाहिला नव्हता.

"म्हंजे आमी तुमच्या शब्दावर भरोसा ठेवावा?"

"हो."

"मंग तुमचा प्रबंध तं गेला ना."

सर अगदी सहज बोलत होते, मला हरवायचं वगैरे त्यांच्या डोक्यातही नव्हतं. "साडेतीनशे पानं तुमी लिवून राहिल्या का कोनाच्या शब्दावर भरोसा ठेवू नोका. अन् आता खुद तुमीच म्हनता, मी सांगून राहिली, ठेवा. दोन्ही कसं जमन?" मग त्यांनी वडा पुन्हा उचलला. त्यांना चटणी जास्त झाली होती.

ताई, मी बाहेर येऊन झाडाखालच्या बाकावर बसले आणि रडले. तुमच्यासाठी रडले असं समजू नका. नारायण सरांनी मला खोडलं म्हणून रडले. ज्या माणसाने माझा एकही परिच्छेद शेवटपर्यंत वाचला नाही, त्याने तोंडात घास असताना दोन वाक्यांत माझी दोन प्रकरणं उडवली.

मग खोलीवर येऊन शब्दकोशातून तुमचं पत्र काढलं. सव्वातीन वर्षं मी त्यातले तीन शब्द तुमच्या तोंडावर फेकते आहे. वाक्य पूर्ण असं आहे: "रागिणीचं म्हणणं खोडू शकेल असा माणूस तुमच्याकडे असेल तरच हिला घ्या, नसेल तर हिला घेऊ नका, कारण ही जिंकत राहील आणि शिकणार नाही." त्याच्या पुढे तुम्ही लिहिलं आहे, "मला पदवी असती तर मी हिला कुणाकडे पाठवलं नसतं."

मी ते तेव्हाही पूर्ण वाचलं होतं. वाफेने शाई जरा पसरली होती, पण वाचता येत होतं. तीन शब्द ठेवले आणि बाकीचं सोडलं, कारण तेवढ्यावर भांडता येत होतं. कुठल्या विद्यार्थ्याने विरोधकाचं वाक्य असं अर्धं तोडून माझ्यापुढे आणलं असतं तर मी त्याचं पान फाडून हातात दिलं असतं. मी चुकले, ताई. तुमच्याशी फार वाईट वागले.

तुमच्या अटीतला माणूस नारायण सर निघावेत, याचं दुःख मला जन्मभर राहील. पण अट पुरी झाली.

समितीला अर्ज दिला. सेमिनार रद्द झाला, सप्टेंबरात पुन्हा. तज्ज्ञांचं मला पत्र आलं, दोन ओळींचं: "वाईट वाटलं आणि बरं वाटलं. त्या बाई हयात असतील तर त्यांच्याकडून लेखी घ्या." सर माझ्याशी बोलत नाहीत. सगळं सुरळीत चाललेलं असताना मी घाण केली असं त्यांचं म्हणणं आहे आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर ते बरोबरही आहे. दुसऱ्या प्रकरणातल्या 'एक कलमविक्रेता'चं आता 'शेषराव, शेंदूरजनाघाट' केलं आहे. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आता कोनी शिव्या द्याले आलं तं तुह्याकडंच धाडतो."

सोबत तुमचं शिफारसपत्र परत पाठवते आहे. ज्या पाकिटात होतं त्याच पाकिटात. आणि ती तीन पानं, नव्याने लिहून. वाचा. तुमचं म्हणणं मी नीट मांडलं नसेल तर लाल पेन चालवा. नीट असेल तर खाली 'हं, हेच' लिहून सही करा, म्हणजे मला सप्टेंबरात नुसत्या माझ्या शब्दावर उभं राहावं लागणार नाही. सही केली नाहीत तरी मी नाव घालणारच आहे. मग ज्यांना ठेवायचा ते ठेवतील विश्वास.

आणि तुमचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही, हे स्पष्ट सांगते. नारायण सरांनी मला खोडलं आहे, तुम्हाला सिद्ध केलेलं नाही. पाचव्या प्रकरणासाठी एक नवा मुद्दा सापडतो आहे. शनिवारी सकाळी अकोल्याला येते. दोन जुड्या मेथी आणते, कदाचित पुरणार नाही.

तिसऱ्या प्रकरणाची पहिली ओळ तेवढी आधी सांगून ठेवते. पूर्वी 'काही अभ्यासकांच्या मते' अशी होती. आता 'अनुपमाताईंच्या मते' अशी आहे. सरांनी माझ्याशी अबोला मोडून एवढ्यासाठी फोन केला की प्रबंधात ताई चालत नाही, काढा. मी म्हटलं, सप्टेंबरात बघू.

रागिणी